पेरणी सर्बियात, वेचणी जगभर

१. प्रश्न

फुटबॉलची गोष्ट निघाली की आपल्या वऱ्हाडात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ज्याला युरोपात खेळता येतं, तो माणूस आपल्याकडे येतो तरी कशाला? या प्रश्नात दोन शंका दडलेल्या असतात. पहिली, तिकडे चालेनासा झाला म्हणून इकडे आला असेल. दुसरी, पैशासाठी आला असेल आणि आपल्या पोरांची जागा अडवून बसला असेल. दोन्ही शंका रास्त आहेत आणि दोन्हींत थोडं तथ्यही आहे. पण तेवढ्यावर थांबलं, तर एका मोठ्या व्यवस्थेचं फक्त शेवटचं टोक आपल्या हाती लागतं. ती व्यवस्था मुळापासून समजून घेण्यासाठी या प्रकरणात एक माणूस समोर ठेवू : सर्बियाचा स्ट्रायकर अलेक्सांदर मित्रोविच.

त्याला निवडण्याचं कारण जवळचंच आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, मुंबई सिटी एफसी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांच्यात आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. दोनच आठवड्यांपूर्वी, २३ ऑक्टोबरला, रियाधमध्ये अल हिलालने मुंबईचा ६–० असा पराभव केला होता आणि त्या सहांपैकी तीन गोल मित्रोविचचे होते. नेरूळला मुंबईने मध्यंतरापर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. उत्तरार्धात मात्र एक गोल ब्राझीलच्या मायकलने आणि एक मित्रोविचने केला. बेलग्रेडजवळच्या स्मेदेरेवो शहरात १९९४ साली जन्मलेला हा माणूस बेल्जियम, इंग्लंड आणि सौदी अरेबिया असा फिरत येऊन महाराष्ट्राच्या मैदानावर गोल करून गेला. हा प्रवास कसा घडतो, हे कापसाच्या मुलखातल्या वाचकाला समजायला अवघड नाही, कारण त्याची रीत बरीचशी कापसासारखीच आहे. पेरणी एका शिवारात होते, वेचणी टप्प्याटप्प्याने होते आणि माल दूरच्या बाजारात जातो. या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं आहे : दुसऱ्याच्या शिवारातला कापूस विकत घेण्यात गैर काही नाही, आपण स्वतः पेरणीच करत नाही हे गैर आहे.

२. गोलाला एवढा भाव का?

सुरुवात स्ट्रायकर म्हणजे कोण इथून करू. फुटबॉलच्या संघात ११ जण असतात. त्यांतला एक गोलरक्षक, तीन-चार बचावपटू, तीन-चार मधल्या फळीतले आणि उरलेले आघाडीचे. आघाडीच्या अगदी टोकाला, प्रतिस्पर्धी गोलजाळ्याच्या तोंडाशी ज्याचा मुक्काम असतो, तो स्ट्रायकर. चेंडूला त्याचा पाय सगळ्यांत कमी वेळा लागतो. ९० मिनिटांतला बराचसा वेळ तो बचावपटूंच्या अंगाला अंग लावून उभा असतो, दोन पावलं पुढे जातो, एक पाऊल मागे येतो, आणि चेंडू येईल अशी जागा हेरून ठेवतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा काहीच करत नाही. पण ज्या दोन-तीन क्षणांसाठी तो थांबलेला असतो, त्याच क्षणांवर सामना ठरतो.

आता भावाचं गणित. क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी होतात, कबड्डीत गुण डझनांनी मिळतात. फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी तीनच्या आसपास गोल होतात. जी वस्तू इतकी दुर्मीळ, तिचा भाव चढा असणारच. एक छोटं उदाहरण घेऊ. लीगमध्ये विजयाला ३ गुण आणि बरोबरीला १ गुण मिळतो. समजा, एका संघाचे हंगामात सहा सामने १–१ असे सुटले. चांगला स्ट्रायकर असता आणि त्याने त्या सहा सामन्यांत प्रत्येकी एकच जादा गोल केला असता, तर सहा बरोबऱ्यांचे सहा विजय झाले असते. ६ गुणांच्या जागी १८ गुण, म्हणजे १२ गुणांची वाढ. बहुतेक लीगमध्ये एवढ्या फरकाने तळाचा संघ मधल्या जागेवर येतो, किंवा खालच्या श्रेणीत ढकलला जाणारा संघ वाचतो. श्रेणी वाचली की टीव्हीचा पैसा वाचतो, प्रायोजक टिकतात आणि तिकिटं खपतात. म्हणून क्लब बचावपटूसाठी घासाघीस करतात आणि स्ट्रायकरसाठी तिजोरी उघडतात. त्या सहा गोलांच्या मागे कोट्यवधींचा हिशेब असतो.

३. छोटं शिवार, दाट पेरणी

या महागड्या मालाची पेरणी सर्बियात एवढी का होते? २०२२ च्या जनगणनेनुसार सर्बियाची लोकसंख्या सुमारे ६६ लाख आहे. आपल्या अमरावती विभागात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत मिळून, २०११ सालीच १ कोटी १२ लाख लोक होते. आपल्या विभागापेक्षाही लहान असलेल्या या देशाने मित्रोविच दिला, इटलीत युव्हेंटसने सुमारे सात कोटी युरो मोजून घेतलेला दुशान व्लाहोविच दिला आणि रेआल माद्रिदने सहा कोटी युरोंना विकत घेतलेला लुका योविचही दिला. हे निव्वळ रक्तातल्या गुणांनी होत नाही. गुणवान पोरं सगळ्याच गावांत जन्माला येतात. फरक पडतो तो त्यांना सहाव्या-सातव्या वर्षी कोण हेरतं, रोज कोण खेळवतं आणि सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या सामन्यात उतरवण्याची हिंमत कोण करतं, यामुळे.

सर्बियात हे काम क्लब करतात. रेड स्टार आणि पार्टिझान हे बेलग्रेडचे दोन मोठे क्लब १९४५ साली, युगोस्लाव्हियाच्या काळात स्थापन झाले. पार्टिझानचं मूळ सैन्यात. त्या काळी कारखाने, सैन्य आणि विद्यापीठं यांच्या आधाराने क्लब उभे राहिले आणि प्रत्येकाने खालच्या वयोगटांचे संघ बांधले. पार्टिझानला जोडून तेलेओप्तिक नावाचा एक छोटा क्लब आहे, तोही मुळात कारखान्यातल्या कामगारांचा. पार्टिझानच्या शाळेत तयार झालेली पोरं आधी तिथे मोठ्यांच्या खालच्या लीगमध्ये खेळतात, धक्के खातात, आणि तयार झाली की मुख्य संघात येतात. मित्रोविच याच वाटेने आला आणि १७ व्या वर्षी पार्टिझानच्या पहिल्या संघात पोचला. रोपवाटिकेत रोप वाढवून मग शेतात लावावं, तशी ही सोय आहे.

पण ही रोपं परदेशी पाठवायची असा रिवाज आधी नव्हता. युगोस्लाव्हियाच्या काळात खेळाडूला साधारण २८ व्या वर्षापर्यंत देशाबाहेर जाऊ दिलं जात नसे. रेड स्टारचा महान खेळाडू द्रागान जायिच १९७५ साली फ्रान्सच्या बास्तिया क्लबकडे गेला, तेव्हा त्याचं वय २९ होतं. उमेदीची वर्षं मायदेशी आणि नंतरची परदेशी, अशी ती रीत होती. त्याच रीतीच्या बळावर रेड स्टार २९ मे १९९१ रोजी इटलीतल्या बारी शहरात युरोपियन कप जिंकू शकला. पुढच्या वर्षभरात युद्धाने सगळं बदललं. देश फुटला, संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले आणि १९९२ च्या युरो स्पर्धेतून युगोस्लाव्हियाला ऐन वेळी वगळण्यात आलं. त्यांच्या जागी बोलावलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. रेड स्टारचा तो सुवर्णसंघ बघता बघता इटली आणि स्पेनमध्ये विखुरला. गोलांचा धडाका लावणारा दार्को पान्चेव इंटर मिलानकडे गेला, देयान सावीचेविच एसी मिलानकडे गेला. घरचा बाजार कोसळला होता आणि क्लब चालवायला परदेशी पैसा हवा होता. तेव्हापासून सर्बियाच्या क्लबांनी तरुण खेळाडू तयार करून विकणं हाच उपजीविकेचा मार्ग केला. आपला कापूस इथे पिकला आणि कापड दूरच्या गिरणीत विणलं गेलं, तसंच हे झालं. पेरणी बेलग्रेडची आणि नफ्याचा मोठा वाटा इतरांचा.

४. क्लब विकतात ते काय?

‘खेळाडू विकला’ हे शब्द कानाला बरे वाटत नाहीत. प्रत्यक्षात माणूस विकला जात नाही, विकली जातात ती त्याच्या कराराची उरलेली वर्षं. पार्टिझानशी एखाद्या खेळाडूचा चार वर्षांचा करार आहे आणि त्यातली तीन वर्षं उरली आहेत, असं समजा. दुसऱ्या क्लबला तो आजच हवा असेल, तर ती तीन वर्षं सोडून देण्याची किंमत पार्टिझानला द्यावी लागेल. सहा महिनेच उरले असतील, तर किंमत खूप उतरेल, कारण थोडं थांबलं की तो आपसूक मोकळा होणार. करार संपला, तर किंमत शून्य. हा शेवटचा नियम झाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यातून आला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघाच्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जाताना जुना क्लब पैसे मागू शकत नाही, आणि युरोपीय संघातल्या खेळाडूंवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादाही घालता येत नाही. मोठ्या क्लबांची दारं त्यामुळे उघडली आणि छोट्या क्लबांना घाई सुटली. करार संपण्याआधी विकलं नाही, तर हाती काहीच उरत नाही.

मित्रोविचचा प्रवास या नियमांनिशी वाचला की सगळा उलगडतो. २०१३ साली तो १८ वर्षांचा असताना सर्बियाच्या १९ वर्षांखालील संघाने युरोपचं विजेतेपद मिळवलं आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. लगेच बेल्जियमच्या अँडरलेख्टने सुमारे ५० लाख युरो देऊन त्याला घेतलं. हा पहिला वेचा. अँडरलेख्ट हा मधल्या बाजाराचा क्लब आहे. तो तरुण घेतो, दोन-तीन हंगाम खेळवतो आणि पुढे विकतो. तिथे २०१४-१५ च्या हंगामात २० गोल करून मित्रोविच बेल्जियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग २०१५ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलने त्याला सुमारे १.३ कोटी पाउंडांना घेतलं. हा दुसरा वेचा. तिथे मात्र संघच खालच्या श्रेणीत गेला, प्रशिक्षक बदलला आणि मित्रोविच बाकावर बसला.

इथे ‘लोन’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. क्लबला खेळाडू लगेच विकायचा नसतो, पण खेळवायलाही जागा नसते. अशा वेळी त्याला काही महिन्यांसाठी दुसऱ्या क्लबकडे देतात. आपल्याकडे शेत बटईने देतात, तसंच हे. सातबारा मालकाच्या नावावर राहतो, त्या हंगामाची मशागत दुसरा करतो. जानेवारी २०१८ च्या शेवटी मित्रोविच असाच इंग्लंडच्याच फुलहॅम क्लबकडे आला, त्याने अर्ध्या हंगामात १२ गोल केले आणि संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, चढला. त्या उन्हाळ्यात फुलहॅमने २.२ कोटी पाउंड देऊन त्याला कायमचं घेतलं. पडीक वाटलेल्या शेतात पीक आलं की बटईदारच ते शेत विकत घेतो, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही.

५. एकाच माणसाचे तीन आणि त्रेचाळीस गोल

पुढची गोष्ट स्ट्रायकरच्या धंद्यातला सर्वांत मोठा धडा शिकवते. २०२०-२१ च्या हंगामात, प्रीमियर लीगमध्ये फुलहॅमकडून खेळताना, मित्रोविचने ३ गोल केले. संघ पुन्हा खाली गेला. २०२१-२२ मध्ये, त्याच क्लबकडून पण दुसऱ्या श्रेणीत, त्याने ४४ सामन्यांत ४३ गोल केले. ४६ सामन्यांच्या हंगामात त्या श्रेणीत एवढे गोल आधी कुणीच केले नव्हते. माणूस तोच, पाय तेच, वय फक्त एका वर्षाने वाढलेलं. मग तीनाचे त्रेचाळीस कसे झाले?

उत्तर संघाच्या आकड्यांत आहे. पहिल्या हंगामात सगळ्या फुलहॅमने मिळून ३८ सामन्यांत २७ गोल केले होते. दुसऱ्या हंगामात ४६ सामन्यांत १०६. नवे प्रशिक्षक मार्को सिल्वा यांनी मित्रोविचला आक्रमणाच्या मध्यभागी ठेवलं आणि बगलेवरून त्याच्या डोक्यावर, त्याच्या पायावर चेंडू येत राहतील अशी रचना केली. अर्थात दुसऱ्या श्रेणीतले बचावपटू पहिल्या श्रेणीइतके कडक नव्हते, हेही खरं. स्ट्रायकर हा साखळीतला शेवटचा हात असतो. जिनिंगचं यंत्र कितीही उत्तम असलं तरी गाड्याच आल्या नाहीत तर रुई कुठून निघणार? म्हणून ‘तिकडे चालेनासा झाला’ हा शेरा घाईचा ठरतो. तीन गोलांच्या वर्षी मित्रोविचला मोडीत काढणाऱ्याने पुढचा त्रेचाळीसचा हंगाम गमावला असता. याची उलटी बाजूही तितकीच खरी आहे. जर्मनीत आइनट्राख्ट फ्रँकफर्टकडून एका सामन्यात पाच गोल करणारा लुका योविच रेआल माद्रिदला गेला आणि तिथे त्याच्या नावावर मोजून तीन गोल लागले. भाव सहा कोटींचा, पण शिवार मानवलं नाही.

परदेशात खेळणारे देशाला विसरतात, असंही म्हटलं जातं. सर्बियाच्या राष्ट्रीय संघातले जवळपास सगळे खेळाडू परदेशी क्लबांत खेळतात. तरीही मित्रोविच देशासाठी ५० हून अधिक गोल करून सर्बियाचा आजवरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला आहे. १२ नोव्हेंबर २०२० रोजी बेलग्रेडमध्ये स्कॉटलंडविरुद्ध पेनल्टींच्या फेरीत त्याचा फटका गोलरक्षक डेव्हिड मार्शलने अडवला आणि सर्बियाची युरो स्पर्धेची संधी हुकली. बरोबर एक वर्ष आणि दोन दिवसांनी, १४ नोव्हेंबर २०२१ रोजी, लिस्बनमध्ये पोर्तुगालविरुद्ध १–१ अशी बरोबरी होती. बरोबरी राहिली असती, तर पोर्तुगाल थेट विश्वचषकात गेला असता. मध्यंतरानंतर मैदानात आलेला मित्रोविच ९० व्या मिनिटाला दूरच्या खांबाकडे सरकला. उजवीकडून सहकारी दुशान तादिचचा चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून आला. मित्रोविचने त्याला डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात गेला. सर्बिया कतारच्या विश्वचषकाला पोचला. तो गोल करण्याची ताकद बेलग्रेडमध्ये पेरली गेली होती, पण ती पिकली बेल्जियमच्या आणि इंग्लंडच्या मैदानांवर.

६. फरदड

ऑगस्ट २०२३ मध्ये अल हिलालने सुमारे पाच कोटी युरो मोजून मित्रोविचला घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २८ गोल केले आणि संघ एकही सामना न हरता सौदी लीग जिंकला. फुलहॅमची खरेदी धरली तर हा चौथा वेचा म्हणायचा. पण आपल्या लीगमध्ये जे परदेशी नामवंत आले, ते बहुतेक त्याच्याही नंतरच्या टप्प्यात आले. कापसाच्या शेतकऱ्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे : फरदड. मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी न उपटता, पाणी देऊन घेतलेलं मागचं पीक. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याने ३६ वर्षांच्या डेव्हिड त्रेझेगेला आणलं, मुंबईने ३५ वर्षांच्या निकोला आनेल्काला. २०१६ मध्ये मुंबईने २०१० च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू दिएगो फोरलानला घेतलं, तेव्हा तोही ३७ चा होता. नावं मोठी होती. लोक मैदानावर आले, टीव्हीसमोर बसले. नव्या लीगला त्याची गरज होती.

पुढे क्लब शहाणे झाले. नाव पाहण्यापेक्षा काम पाहू लागले. गोव्याने २०१७ मध्ये स्पेनचा फेरान कोरोमिनास आणला. वय ३४, गाजावाजा काहीच नाही. तीन हंगामांत त्याने ४८ गोल केले आणि दोनदा लीगचा ‘गोल्डन बूट’ मिळवला. चांगली मशागत असली तर फरदडही भरघोस येते, हे त्याने दाखवलं. सर्बियन माणसंही याच काळात आपल्याकडे आली. प्रशिक्षक रांको पोपोविच यांनी २०१७-१८ मध्ये पुणे सिटीला प्रथमच उपांत्य फेरीत नेलं. २०२४ मध्ये सर्बियाचा आघाडीपटू देयान द्राझिच एफसी गोवामध्ये दाखल झाला. स्पेनचा सेल्टा विगो आणि स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्राटिस्लाव्हा अशा क्लबांतून खेळून तो आला होता. मे २०२५ मध्ये गोव्याने जमशेदपूरला ३–० असं हरवून सुपर कप जिंकला, त्यात एक गोल द्राझिचचा होता. मित्रोविचच्या वाटेवरचाच हा दुसरा प्रवासी. फक्त त्याचा बाजार वेगळा, भाव वेगळा.

७. दोन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. हे सगळे पैशासाठीच देश बदलतात. होय, बदलतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. व्यावसायिक फुटबॉलपटूचं कामाचं आयुष्य फार तर पंधरा-सतरा वर्षांचं. गुडघा एकदा गेला की तेही नाही. त्या थोड्या वर्षांत उरलेल्या चाळीस वर्षांची तजवीज करायची असते. बडनेरा जंक्शनवर रोज रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्यांत पिशव्या घेऊन चढणारी पोरं कामासाठीच जातात. त्यांना कुणी वऱ्हाडद्रोही म्हणत नाही. सर्बियातून पूर्वी हजारो कामगार जर्मनीला गेले, ते घरी पैसे पाठवत राहिले. फुटबॉलपटू त्याच वाटेने जातो. पण या वाटेची किंमत सर्बिया मोजतो, हेही मान्य करायला हवं. कोवळ्या वयात खेळाडू विकल्यामुळे घरची लीग दुबळी राहिली आणि स्वतंत्र सर्बिया म्हणून २०१०, २०१८ आणि २०२२ या तिन्ही विश्वचषकांत संघ गटफेरीतच बाद झाला. सगळा माल बाहेर गेला की घरात उरत नाही. आपल्याला सर्बियाची नक्कल करायची नाही. त्याची पेरणी तेवढी शिकायची आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : परदेशी स्ट्रायकर आपल्या पोरांची जागा खातो. पुरावा समोर आहे. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत सुपर लीगच्या अकराही हंगामांत सर्वाधिक गोल परदेशी खेळाडूचेच होते. भारतीय आघाडीपटू बहुधा बगलेवर ढकलला जातो. मुंबई सिटीकडून खेळलेले लालियानझुआला छांगते आणि बिपिन सिंग हे दोघे उत्तम, पण बगलेचेच. परिणाम राष्ट्रीय संघात दिसला. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री ६ जून २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याला परत यावं लागलं. त्याच हंगामात लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक, १४ गोल त्याचेच होते. फरदडीवरचा कृषी खात्याचा आक्षेप आठवावा : पऱ्हाटी शेतात उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला घर मिळतं आणि पुढचं पीक बिघडतं.

मग परदेशी बंद करावेत? आकडे तसं सांगत नाहीत. सुरुवातीला एका वेळी मैदानावर सहा परदेशी खेळत, २०१७ मध्ये पाच झाले, २०२१ पासून चार. जागा मोकळ्या होत गेल्या, भारतीय बचावपटूंनी आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंनी त्या भरल्याही. पण टोकाची जागा भरली नाही. इंग्लंडची लीग तर परदेशी खेळाडूंनी गजबजलेली, तरी तिथे हॅरी केनसारखा स्ट्रायकर तयार झाला. कारण इंग्लंडच्या क्लबांत आठ-नऊ वर्षांची पोरं रीतसर शिकतात. आपल्याकडे मात्र तसं होत नाही, आणि प्रशिक्षकाची नोकरी पुढच्या तीन सामन्यांच्या निकालावर अवलंबून असते. वीस वर्षांचा कच्चा मुलगा आणि गोल करणारा परदेशी यांतून तो परदेशीच निवडणार. हा दोष प्रशिक्षकाचा नाही. तो मुलगा बाराव्या वर्षापासून कच्चा का राहिला, हा खरा प्रश्न आहे. दार बंद केल्याने शेतात आपोआप काही उगवत नाही.

८. आपल्या शिवारासाठी

पेरणी परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जागतिक फुटबॉल महासंघाचा, म्हणजे फिफाचा, एक नियम नीट वाचावा. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन नेला जातो, तेव्हा त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ व्या ते २३ व्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटावे लागतात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. हिशेब सोपा आहे. समजा, आपल्या भागातला एखादा मुलगा पुढे परदेशी क्लबकडे १० कोटी रुपयांना गेला. ५ टक्के म्हणजे ५० लाख बाजूला निघाले. ज्या छोट्या क्लबात तो बारा ते पंधरा ही चार वर्षं खेळला, त्याला दर वर्षाचे अडीच लाख, म्हणजे १० लाख रुपये मिळतील. तो दुसऱ्यांदा विकला गेला तर पुन्हा मिळतील. मित्रोविचसाठी अल हिलालने मोजलेल्या रकमेतून तेलेओप्तिक आणि पार्टिझानच्या वर्षांचा वाटा या नियमानेच ठरतो. लहान क्लबाला वर्षानुवर्षं चेंडू, जाळी आणि प्रशिक्षकाचा पगार पुरवेल, एवढी ही रक्कम असते.

अट एकच : त्या वर्षी तो मुलगा त्या क्लबाकडे नोंदलेला असला पाहिजे. भारतात ही नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीप्रणालीत होते. महाराष्ट्रात राज्य पातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन हे काम पाहते. नोंद नसेल तर मुलगा उद्या कितीही मोठा झाला, तरी त्याला घडवणाऱ्या गावच्या मैदानाला एक रुपयाही मिळत नाही.

वऱ्हाडाला शरीर घडवण्याची परंपरा उसनी आणावी लागत नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डीसारख्या आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. ज्या शहराने तेव्हा बर्लिन गाठलं, त्या शहराला एका चेंडूसाठी वयोगटांचे संघ बांधणं अशक्य नाही. बडनेरा, अकोला, अमरावती इथल्या शाळांना, क्लबांना आणि आईबापांना म्हणून एवढीच विनंती : पोर चेंडूमागे धावत असेल तर त्याला खेळू द्या, आठवड्यातून चार दिवस सराव मिळेल असं मैदान धरा, आणि बाराव्या वाढदिवसापूर्वी त्याचं नाव नोंदवा. सर्बियाच्या स्ट्रायकरची वेचणी आपण नेरूळला पाहिली. आपली पेरणी बाराव्या वर्षी सुरू होते.